पिल्लाच्या गालावरची पिसं ओळखताना

फॅन्सी कोंबड्यांच्या बाजारात सिल्कीची पिल्लं घेताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "दाढी आत्ता दिसत नाही, मोठी झाली की येईल." या वाक्यावर पैसे मोजू नका. दाढी आणि कल्ले हे आईबापांकडून आलेले गुण आहेत. ज्या पिल्लाला ते येणार असतात, त्याच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्यांची खूण दिसते. वय वाढेल तशी ती भरते आणि आकार घेते. पण ज्या पिल्लाचा चेहरा तिसऱ्या दिवशी अगदी साफ आहे, त्याला तिसऱ्या महिन्यात भरघोस दाढी फुटण्याची आशा ठेवण्यात अर्थ नाही.

खूण कुठे पाहायची हे माहीत नसल्यामुळे फसगत होते. अनेकजण पिल्लाला वरून पाहतात. वरून दिसतं ते डोकं आणि पाठ. गाल दिसत नाहीत आणि हनुवटी तर नाहीच नाही.

आधी वेगवेगळ्या गोष्टी वेगळ्या करू. डोळ्याखाली आणि कानाच्या पुढे दोन्ही बाजूंना फुगीर दिसणारी पिसं म्हणजे कल्ले, आणि चोचीच्या खाली, गळ्याच्या वरच्या भागात असते ती दाढी. हे दोन्ही एकाच जनुकामुळे येतात, म्हणून सहसा सोबतच दिसतात. डोक्याच्या माथ्यावरची पिसांची शेंडी हा वेगळा गुण आहे आणि त्याचं जनुकही वेगळं आहे. बाजारात 'पॉलिश कॅप' म्हणून विकल्या जाणाऱ्या पक्ष्यांमध्ये काहींना शेंडी आणि दाढी दोन्ही असतात, काहींना फक्त शेंडी. तिसरा प्रकार कानाजवळून फुटणाऱ्या झुपक्यांचा. तो दुर्मीळ आहे, पण कल्ल्यांशी त्याची गल्लत होते आणि ती महागात पडते, त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. आणि चौथी गोष्ट म्हणजे काहीच नसणं, फक्त दाट लव. ब्रह्मा आणि कोचीन यांची पिल्लं इतकी गुबगुबीत असतात की नवख्या माणसाला त्यांच्या गालांवर कल्ले असल्याचा भास होतो. त्या जातींना कल्ले नसतात.

पाहण्याची रीत अशी. पिल्लू अंड्यातून निघून पूर्ण वाळू द्या. ओल्या पिल्लाची लव चिकटलेली असते आणि अर्धवट वाळलेल्याची एका बाजूला फुगलेली, दोन्ही अवस्थांत निदान चुकतं. दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात पिल्लू तळहातावर घ्या, हात आपल्या डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि त्याला समोरून पाहा. साफ चेहऱ्याच्या पिल्लात डोळ्याखालची रेषा सरळ उतरत मानेला मिळते. कल्ले असलेल्यात तीच रेषा डोळ्याखाली बाहेर फुगते आणि मग आत वळते, चेहरा वरून निमुळता व खालून रुंद दिसतो. मग पिल्लू बाजूने धरा आणि खालच्या चोचीच्या बुडाशी बघा. दाढी असेल तर तिथे लवेची गादी असते आणि चोच तिच्यावर टेकल्यासारखी वाटते. दाढी नसेल तर चोचीखाली लगेच गळ्याचा आखूड, सपाट भाग लागतो.

शेंडीवाल्या पिल्लांत आणखी एक काळजी घ्या. माथ्यावरची लव गालांवर उतरते आणि कल्ल्यांचा भास देते. बोटाने शेंडी हळूच मागे दाबा आणि मग गाल पाहा. दाबताना जोर लावू नका. पॉलिश आणि सिल्कीसारख्या शेंडीवाल्या जातींतल्या अनेक पिल्लांच्या कवटीवर उंचवटा असतो. तिथलं हाड पूर्ण जुळलेलं नसतं आणि मेंदूचा भाग वर आलेला असतो. त्या जागी लागलेला मार किंवा दुसऱ्या पिल्लाने मारलेली चोच जिवावर बेतू शकते.

एकटं पिल्लू पाहून निर्णय देणं कठीण जातं. त्याच उबवणीतली पाच-सहा पिल्लं एका ओळीत ठेवा. साफ चेहऱ्याचं एखादं निश्चित सापडलं की त्याच्या शेजारी बाकीची धरून पाहा, फरक लगेच कळतो. हे सगळं भराभर करायचं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पावसाळी किंवा थंड हवेत ती ब्रूडरबाहेर फार वेळ ठेवू नयेत. पाहून झालं की पायात रंगीत कडी घाला आणि वहीत लिहा: कोणत्या जोडीचं, कोणत्या तारखेचं, गाल कसे, हनुवटी कशी. पिल्लाचा पाय झपाट्याने वाढतो, म्हणून कडी दर आठवड्याला तपासा आणि घट्ट होण्याआधी बदला. मोबाइलवर फोटो काढायचा तर एक समोरून आणि एक बाजूने, दर वेळी त्याच अंतरावरून. वरून काढलेले गोड फोटो या कामाला निरुपयोगी आहेत. पिल्लं ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे हेच दोन फोटो मागा.

फुगलेला प्रत्येक गाल पिसांचाच असतो असं नाही. बोटाने अलगद चाचपून बघा. कल्ले असतील तर बोटाखाली फक्त मऊ लव लागते आणि आत गालाचं हाड नेहमीसारखं जाणवतं. आत सूज लागली, डोळा अर्धवट मिटलेला असेल, नाकातून पाणी येत असेल, तर ते आजाराचं लक्षण आहे. असं पिल्लू इतरांपासून वेगळं करून पशुवैद्याला दाखवा. कल्ल्यांच्या आनंदात ते कळपात राहिलं तर आजार पसरतो.

पहिली तपासणी झाली की दुसरीची घाई करू नका. साधारण दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात पिल्लाची लव झडून खरी पिसं येत असतात. पंखांवर आणि शेपटीवर ती आधी येतात, डोक्यावर आणि चेहऱ्यावर शेवटी. या काळात सगळीच पिल्लं विस्कटलेली दिसतात. कल्लेवाल्याचे गाल बसलेले वाटतात, साफ चेहऱ्याच्या पिल्लाच्या गालावर झडायची राहिलेली लव उभी असते. याच वयात लोक मत बदलतात आणि चांगली पिल्लं विकून टाकतात. सहा आठवडे होऊ द्या. मग पुन्हा समोरून व बाजूने पाहा. तीन महिन्यांच्या आसपास चित्र पक्कं होतं. तेव्हा आणखी एक पुरावा हाताशी येतो: दाढीवाल्या पक्ष्यांत चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या फारशा वाढत नाहीत, तर साफ चेहऱ्याच्या कोंबड्यात त्या ठळक लोंबू लागतात. सिल्कीचा नर दाढीचा की बिनदाढीचा असा वाद झाला, तर या पाळ्या पाहून तो मिटवता येतो.

आता कानाजवळच्या झुपक्यांकडे वळू. यांची गोष्ट दक्षिण अमेरिकेतली आहे. चिलीमध्ये रुबेन बुस्तोस या पैदासकाराने दोन स्थानिक प्रकारांचा संकर केला. एक बिनशेपटीचा आणि निळी अंडी देणारा, दुसरा कानाजवळ झुपके असलेला. स्पेनचे प्राध्यापक साल्व्हादोर कास्तेयो यांनी १९१४ साली चिलीत हे पक्षी पाहिले आणि १९२१ साली हेग इथे भरलेल्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत त्यांची माहिती जगापुढे मांडली. त्यातून पुढे अरौकाना जात प्रसिद्धीला आली. अमेरिकेत या रक्ताचे पक्षी वेगवेगळ्या दिशांनी वाढवले गेले. झुपक्यांचे, बिनशेपटीचे पक्षी अरौकाना म्हणून १९७६ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या मानकात आले, आणि कल्ले, दाढी व शेपटी असलेले पक्षी अमेरौकाना म्हणून १९८४ साली. नावं इतकी जवळची आहेत की तिथे संकरित पिल्लंही या दोन्ही नावांनी सर्रास विकली जातात. अमेरिकेत परसात कोंबड्या पाळणाऱ्या मराठी कुटुंबांनी पिल्लं मागवताना नावापेक्षा चेहऱ्याकडे पाहावं हे बरं.

झुपका आणि कल्ला यांतला फरक मुळाशी आहे. कल्ला म्हणजे गालाच्या नेहमीच्या कातडीवर जास्त लांब आणि दाट वाढलेली पिसं. झुपका मात्र कानाजवळच्या कातडीच्या एका छोट्या मांसल लोंबीतून फुटतो. एक दिवसाच्या पिल्लात कानाच्या छिद्राभोवतीची लव बोटाने बाजूला सारा. तिथे बारीकसा मांसल दाणा किंवा त्यातून निघालेली लवेची बट दिसली, तर तो झुपका. तो एकाच बाजूला असू शकतो, दोन्ही बाजूंचे लहानमोठे असू शकतात, कधी इतका बारीक असतो की शोधल्याशिवाय सापडत नाही. कल्ले दोन्ही गालांवर सारखे असतात. म्हणून एकाच बाजूला काही दिसलं तर आधी कान तपासा.

ही तपासणी एवढी बारकाईने करायची, कारण झुपक्याच्या जनुकाची एक प्रत झुपका देते, पण दोन प्रती एकत्र आल्या की पिल्लू अंड्यातच मरतं. राल्फ सोम्स यांच्या अभ्यासातून १९७८ साली हे स्पष्ट झालं. असे भ्रूण उबवणीच्या शेवटच्या टप्प्यात, साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या दिवसांदरम्यान जातात. एक प्रत असलेल्या पिल्लांतही मरतुक नेहमीपेक्षा जास्त असते. म्हणजे झुपकेवाला नर आणि झुपकेवाली मादी यांची जोडी लावली तर फलित अंड्यांपैकी सरासरी एक चतुर्थांश अंडी त्या एका कारणानेच वाया जातात. अशी जोडी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झुपकेवाल्या पक्ष्याला साफ चेहऱ्याची, त्याच जातीची जोडी द्या. निम्म्या पिल्लांना झुपके येतील आणि दुहेरी प्रतींमुळे अंड्यात होणारी ही मरतुक टळेल.

कल्ले आणि दाढी यांच्या बाबतीत असं काही नाही. दोन प्रती असलेले पक्षी निरोगी असतात आणि बहुतेकदा त्यांची दाढी जास्त भरदार असते. २०१६ साली चिनी संशोधकांनी हुइयांग दाढीवाल्या कोंबड्यांवर काम करून या गुणाचं मूळ शोधलं. ही जात ग्वांगडोंग प्रांतातली. सत्ताविसाव्या गुणसूत्रावर जनुकीय मजकुराची मोठी उलथापालथ झालेली आढळली आणि तिच्यामुळे 'हॉक्स-बी-८' हे जनुक चेहऱ्याच्या कातडीत काम करू लागतं, जिथे एरवी ते गप्प असतं. या कुळातली जनुकं वाढत्या भ्रूणाला शरीराचा कोणता भाग कुठे घडवायचा याचा पत्ता सांगतात. इथे पत्ता चुकलेलं पत्र गालावर पोचलं आणि गालावर वेगळीच पिसं वाढली. शेंडीमागेही याच कुळातलं दुसरं एक जनुक आहे.

पाळणाऱ्याला यातून काय उपयोग? एवढाच की हा गुण प्रभावी आहे आणि एक प्रत पुरते. त्यामुळे साफ चेहऱ्याचे दोन्ही आईबाप असताना पिल्लाला दाढी आली, तर बाप दुसरा आहे किंवा अंडी मिसळली आहेत, आणि वहीत आधी तेच तपासायला हवं. याउलट दोन्ही आईबाप दाढीवाले असूनही एखादं पिल्लू साफ चेहऱ्याचं निघू शकतं. दोघांकडेही एकेकच प्रत असेल तर सरासरी चारांत एक पिल्लू असं निघतं. त्यात विक्रेत्याची लबाडी असतेच असं नाही.

आपल्या दाढीवाल्या नराकडे एक प्रत आहे की दोन, हे त्याची दाढी पाहून सांगायचा मोह टाळा. पिल्लात तर ते सांगताच येत नाही. खात्रीचा मार्ग आपल्या अंगणात आहे. त्याला साफ चेहऱ्याच्या गावठी कोंबड्यांवर सोडा आणि पिल्लं मोजा. साफ चेहऱ्याचं एक जरी पिल्लू निघालं, तरी प्रश्न संपला: त्याच्याकडे एकच प्रत आहे. सलग सात पिल्लं कल्लेवाली निघाली, तर एकच प्रत असलेल्या नराकडून तसं घडण्याची शक्यता १२८ मध्ये १ एवढीच उरते, म्हणजे तो दोन प्रतींचा धरून चालायला हरकत नाही. पाच पिल्लांवर थांबलात तर ही शक्यता ३२ मध्ये १ असते, आणि महागडा नर विकत घेताना किंवा विकताना ती मला पुरेशी वाटत नाही.

या चाचणीत एक अट पाळलीच पाहिजे. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचं वीर्य दोन आठवडे सहज टिकतं, कधी तीन आठवड्यांपर्यंत. म्हणून चाचणीच्या कोंबड्या सगळ्या नरांपासून किमान तीन आठवडे, शक्यतो महिनाभर वेगळ्या ठेवा, मग चाचणीचा नर त्यांच्यात सोडा आणि त्यानंतर मिळालेलीच अंडी उबवायला घ्या. खुराडं एक आणि अंगण मोकळं असेल, तर ही चाचणी करूच नका. उत्तर मिळेल, पण ते शेजारच्या कोंबड्याचं असेल.

कल्ल्यांबद्दल आणखी एक समज पसरलेला आहे: कल्ले असलेली कोंबडी निळी-हिरवी अंडी देते. अमेरौकाना आणि तिच्या संकरांत दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात म्हणून हा समज झाला. निळ्या कवचाचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि कल्ल्यांचं सत्ताविसाव्या. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जातात. संकरित पिल्लाचे गाल पाहून अंड्याच्या रंगाचं काहीच सांगता येत नाही. त्यासाठी तुरा बघावा लागतो. असीलच्या डोक्यावर असतो तसा तीन बुटक्या ओळींचा बसका तुरा देणारं जनुक निळ्या कवचाच्या जनुकाच्या अगदी शेजारी आहे. अमेरौकाना आणि एकपाती तुऱ्याची कोंबडी यांच्या संकरातून पुढे निघालेल्या पिल्लांत बसक्या तुऱ्याची पिल्लं बहुतेक वेळा निळ्याचं जनुकही सोबत घेऊन येतात. असीलशी केलेल्या संकरात मात्र ही खूण चालत नाही, कारण असीलला तुरा तसाच असला तरी निळ्या अंड्यांचं जनुक नसतं.

महाराष्ट्रात चेहरा तपासण्याचा सर्वांत मोठा फायदा कडकनाथ घेणाऱ्यांना आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याची काळी पिल्लं आपल्याकडे चढ्या भावाने विकली जातात. काळी कातडी सिल्कीलाही असते. सिल्कीचा संकर झालेलं पिल्लू रंगाने कडकनाथसारखं दिसू शकतं, कारण पहिल्या पिढीत सिल्कीचं रेशमी पीस दिसतच नाही. तो गुण दबून राहतो. पण दाढी, शेंडी आणि पायाचं पाचवं बोट हे तिन्ही प्रभावी गुण आहेत, ते सहसा लपत नाहीत. कडकनाथचा चेहरा साफ असतो, माथ्यावर पिसांची शेंडी नसते आणि बोटं चार असतात. पिल्लं मोजून घेताना प्रत्येकाचे गाल समोरून बघा, माथ्यावर बोट फिरवा, पायाची बोटं मोजा. यातलं एकही चिन्ह दिसलं तर ते शुद्ध कडकनाथ नाही आणि त्याला शुद्ध जातीचा भाव देऊ नका. चिन्ह नसणं ही मात्र शुद्धतेची खात्री नव्हे, साफ चेहऱ्याच्या गावठी कोंबडीशी झालेला संकर अशा तपासणीत सापडत नाही.

दाढीवाले पक्षी ठेवायचे तर पाण्याच्या भांड्याचा विचार आधी करा. उथळ, पसरट भांड्यात पिताना दाढी भिजते, तिच्यावर खाद्याचा भुगा चिकटतो आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ती दिवसभर ओलीच राहते. निप्पल ड्रिंकर किंवा अरुंद तोंडाचं भांडं वापरलं तर हा त्रास बराचसा जातो. कल्ल्यांच्या मुळाशी उवा लपतात, महिन्यातून दोनदा तरी पिसं उलटून पाहायला हवं. साफ चेहऱ्याच्या आणि दाढीवाल्या पिल्लांचा मिश्र घोळका दाटीत ठेवला तर एकमेकांची दाढी टोचून उपटण्याची सवय लागते, आणि ती लागली की सोडवणं अवघड जातं. जागा वाढवा, ब्रूडरमधला उजेड थोडा कमी करा, टोचणारं पिल्लू वेगळं काढा.

या उपटण्यामुळे मोठ्या पक्ष्यांचं निदानही चुकतं. दाढी उपटली गेलेली कोंबडी लांबून साफ चेहऱ्याची दिसते. तिला हातात घेऊन हनुवटीची कातडी नीट पाहा. तिथे लालसर उघडा भाग, तुटलेल्या पिसांचे बुंधे किंवा नव्याने फुटणारे टोकदार कोंब सापडले, तर दाढी होती. मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत पुन्हा फुटतं, पण अर्ध्यात तुटलेलं पीस पुढची पिसं झडण्याच्या हंगामापर्यंत तसंच राहतं. अशा कोंबडीला जोडी लावण्याआधी किंवा विकण्याआधी वेगळ्या खुराड्यात ठेवून नवी पिसं येऊ द्या.